नाममुद्रेविना गीतकार

अभंगाच्या अखेरीस संतांची नाममुद्रा असते. त्यामुळे देवळात गाणाऱ्यास कर्त्याचे विस्मरण होत नाही. ध्वनिमुद्रिकेवरील गीतास हे भाग्य लाभत नाही. न्यूयॉर्कचा गीतकार व निर्माता बर्ट बर्न्स (१९२९–१९६७) याची कथा अशीच आहे.

फिल मेडलीसह त्याने रचलेले ‘ट्विस्ट अँड शाउट’ १९६१ मध्ये प्रथम मुद्रित झाले, पण फसले. १९६२ मध्ये त्याने स्वतः निर्माता होऊन ते आयस्ली ब्रदर्सकडून गाऊन घेतले व ते गाजले. १९६३ मध्ये बीटल्सनी ते गायिले आणि पुढे पुष्कळांनी ते त्यांचेच मानले. बालपणीच्या ज्वराने दुबळे झालेले त्याचे हृदय ३८ व्या वर्षी थांबले. जेरी रॅगोव्हॉयसह रचलेले त्याचे ‘पीस ऑफ माय हार्ट’ जॅनिस जॉप्लिनच्या कंठातून गाजले ते १९६८ मध्ये, त्याच्या पश्चात.

अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यात २८ वर्षांनी स्वामित्वहक्काचे नूतनीकरण होई. कर्ता हयात नसल्यास तो हक्क पत्नी व अपत्यांस मिळे. कायद्याने मिळकत राखली. कीर्तीची दखल ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने २०१६ मध्ये घेतली. द्रव्याचा वारस कायदा ठरवितो. नावाचे जतन गाणाऱ्यांनीच करावयाचे असते. उत्सवात नाममुद्रा नसलेले पद म्हणताना आपणही कर्त्याचे नाव आधी सांगावे, असे आम्हांस वाटते.