हसणारी सभा आणि ऐकणारी बैठक

मंडळी, आपल्या चाकूरच्या बाजारात मराठीबरोबर उर्दू, कानडी, तेलुगू कानावर पडते, त्याचं आपल्याला नवल वाटत नाही. शेजारचे उदगीर-अहमदपूर तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. त्याआधी हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तेव्हा आज सांगतो ती गोष्ट परक्याची समजू नका.

नोव्हेंबर १९२१. हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात समाजसुधारणा परिषद भरलेली. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणं लोकांनी ऐकून घेतली. मग आलमपल्ली वेंकट रामाराव हे वकील उभे राहिले आणि तेलुगूत बोलू लागले. झालं! सभेनं त्यांची हुर्यो उडवली. हसणाऱ्यांत आपली मराठी माणसंही होती, हे आपण लपवू नये. संस्थानात सर्वांत जास्त लोक तेलुगू बोलणारे, आणि सुधारणेच्या सभेत त्यांच्याच भाषेला बोलायची चोरी!

त्याच रात्री दहा-बारा तेलुगू मंडळी एका घरी बसली आणि आंध्र जनसंघ जन्माला आला. माडपाटी हनुमंतराव त्याचे प्रमुख कार्यकर्ते झाले. मोर्चा नाही की बदला नाही. त्यांनी गावोगाव वाचनालयं काढायला उत्तेजन दिलं, वेठबिगारीविरुद्ध पुस्तिका काढल्या.

आता प्रश्न असा, की तीच माणसं मोठ्या सभेत हसतात आणि बैठकीत ऐकतात, हे कसं? कांट हा तत्त्वज्ञ म्हणे, जेवणाच्या पंगतीला तीनपेक्षा कमी नकोत, नऊपेक्षा जास्त नकोत. सगळ्यांचं मिळून एकच बोलणं चाललं पाहिजे, हा त्याचा हेतू. मोठ्या सभेत हसणाऱ्याला चेहरा नसतो. त्याला काही मोजावं लागत नाही. बैठकीत ज्याला हसायचं, त्याच्याच मांडीला मांडी लावून उद्या बसायचं असतं. माणूस तिथे एकदम सज्जन होतो असं नाही. तिथे त्याला जबाब द्यावा लागतो, एवढंच.

पण लहान बैठकीलाही एक रोग लागतो. आपलीच माणसं, आपलीच भाषा, आणि दार बंद. मग गोडवा वाढतो, पण विचार आटतो. इथे तसं झालं नाही. १९३० मध्ये जोगीपेठला आंध्र महासभा भरली, १९३७ मध्ये आपल्या परतूरला महाराष्ट्र परिषद. कन्नड भाषिकांचीही परिषद उभी राहिली. आणि १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तिन्ही भाषांची माणसं एकत्र तुरुंगात गेली. सतरा वर्षांपूर्वी ज्यांच्या भाषेला हसलो, त्यांच्याच शेजारी बसून आपण भाकरी खाल्ली.

म्हणून माझं म्हणणं इतकंच: बैठक लहान ठेवा, पण दार वाचनालयासारखं उघडं ठेवा. आणि कुणी अडखळत आपल्या बोलीत बोलू लागला, तर पहिलं हसू आपलं नसावं.