जागच्या जागीं फिरणारें चाक



आजचें माझें भाषण अशा एका चाकाविषयीं आहे, कीं जें तासभर फिरलें तरी वीतभरहि पुढें सरकत नाहीं. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील कांहीं घरांत अलीकडे एक लोखंडी घोडा दिसूं लागला आहे. त्यावर आपली नेहमीची सायकल चढवावयाची, तिचें मागचें चाक एका गुळगुळीत रुळावर टेकवावयाचें, आणि भिंतीकडे तोंड करून पायडल मारीत बसावयाचें. विक्रेते यास ‘ट्रेनर’ म्हणतात. हें यंत्र बिघडलें तर घरच्या घरीं दुरुस्त करतां येईल काय, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या पाठीमागें जो इतिहास उभा आहे तो तितका क्षुल्लक नाहीं.

पायानें चालवावयाच्या यंत्रांत आधीं रस्त्यावरची सायकल जन्मली आणि मागाहून ती घरांत येऊन बसली, असें आपण सहज धरून चालतों. प्रत्यक्षांत झालें तें उलट. लंडन येथील फ्रान्सिस लौंडस् या गृहस्थानें १७९६ सालीं ‘जिम्नॅस्टिकॉन’ नांवाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. पायांखालीं दाबावयाच्या फळ्या, हातांनीं फिरवावयाचे दांडे आणि दोहोंना जोडलेलीं जड चाकें, अशी त्याची रचना होती. संधिवातानें आखडलेल्या सांध्यांना हालचाल मिळावी हा त्याचा हेतु. मानहाइम येथें कार्ल ड्राइस यानें आपली दुचाकी रस्त्यावर आणली ती १८१७ सालीं, म्हणजे एकवीस वर्षांनंतर. आणि तिलाहि पायडल नव्हतेंच, जमिनीला पाय रेटून ती ढकलावी लागे. तेव्हां घरांत बसून चाक फिरविणें हें आजच्या सुखवस्तु लोकांनीं काढलेलें खूळ आहे, असें म्हणणाऱ्यांनीं हीं दोन सालें ध्यानांत ठेवावींत.

१८८५ मध्यें इंग्लंडांत स्टार्ले यानें ‘रोव्हर’ सायकल तयार केली. दोन सारखीं चाकें, आणि साखळीनें मागच्या चाकास मिळणारी गति, हें तिचें वैशिष्ट्य. पुढचें चाक दिशा दाखवितें आणि मागचें ओढतें, अशी कामाची वांटणी झाली, आणि त्यांतूनच आपल्या विषयाचा धागा निघाला. कारण आतां मागचें चाक जमिनीपासून उचलून धरलें कीं सायकल जागच्या जागीं चालवितां येऊं लागली. आपल्याकडील काळ्या, दणकट सायकलींना मागच्या बाजूस दोन पायांचा स्टँड असे. तो लावून त्यावर बसावें आणि वाऱ्याशीं शर्यत लावल्यागत पायडल मारावें, हा खेळ ज्यानें लहानपणीं केला नाहीं असा माणूस आमच्या पिढींत विरळा. मोठ्या माणसांचा त्यावर ओरडा असे, पण तो चेन पडेल म्हणून.

याहून महत्त्वाचा वापर धारवाल्याचा. सायकलवरून गांवोगांव हिंडणारा हा कारागीर वाड्याच्या दारांत थांबे, स्टँड लावी, आणि सीटवर बसून पायडल मारूं लागला कीं दांडीवर बसविलेला दगड गरगर फिरे. विळ्या, कात्र्या, सुऱ्या, सर्व कांहीं त्यावर उजळून निघे. सुरी दगडावर जोरानें दाबली कीं पायाला भार लागतो, हलकी धरली कीं पाय मोकळे होतात. आजच्या ट्रेनरांत जो ‘भार कमी-जास्त करण्याचा खटका’ म्हणून दाखविला जातो, त्याचें तत्त्व आमच्या आयाबहिणींनीं उंबऱ्यांत उभें राहून केव्हांच पाहिलेलें आहे.

सायकल या देशांत आली ती परदेशी वस्तु म्हणून. पहिल्या महायुद्धापूर्वीं आणि नंतरहि बरींच वर्षें ती बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम येथून येई. परंतु तिचा कारखाना समुद्रापलीकडे असला तरी तिची दुरुस्ती समुद्रापलीकडे पाठवितां येत नव्हती, आणि याच अडचणीनें येथील हात तयार केले. बेळगांवास किर्लोस्कर बंधूंनीं १८८८ सालीं सायकलींचें दुकान काढलें, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही केली. त्याच घराण्यानें पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें आणि लोखंडी नांगर घडविले. इंदापूर तालुक्यांतहि असेंच एक उदाहरण आहे. कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९३० नंतरच्या दशकांत उसाची शेती आणि साखर कारखाना उभारला, तें आजचें वालचंदनगर. ऐन गाळपाच्या दिवसांत चरक बंद पडला तर मुंबईहून माणूस येईपर्यंत ऊस वाळून जावयाचा. अशा जागीं कर्मशाळा हाताशीं असावीच लागते. त्याच वालचंदनगरांत पुढें इतर कारखान्यांसाठीं साखरेचीं यंत्रें आणि प्रचंड दंतचक्रें तयार झालीं, आणि भारताच्या अग्निबाणांचीं कवचेंहि.

बारामतीच्या आणि इंदापूरच्या बाजारपेठेंतलीं सायकलचीं दुकानें हीं याच वंशावळीची धाकटी पाती. पाण्याची घमेली, तींत बुडविलेली ट्यूब, बुडबुड्यांवर खिळलेली पोरांची नजर, छर्रे ठेवलेली ग्रीसची डबी, आणि तासाच्या भाड्यानें मिळणाऱ्या सायकलींची रांग. पाटीवर ‘ओव्हरऑइलिंग करून मिळेल’ असें लिहिलेलें असे. मूळचा इंग्रजी शब्द ‘ओव्हरहॉलिंग’. पण सायकल सबंध उकलून, धुऊन, तेल घालून परत जोडावयाची असल्यामुळें लोकांनीं शब्दांतहि तेल घातलें. मला तर हा शब्द मुळापेक्षां अधिक अर्थवाही वाटतो.

आतां ट्रेनरच्या पोटांत काय असतें तें पाहूं. १८५५ सालीं फ्रान्सच्या फूको या शास्त्रज्ञास असें आढळलें, कीं तांब्याची तबकडी शक्तिमान लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्यें फिरवूं लागलें तर ती जड होते, आणि जोर करून फिरवीत राहिलें तर तापते. चुंबकाचा तिला स्पर्शहि होत नसतो. तबकडीच्या धातूंत विजेचे भोवरे उठतात आणि तेच तिला मागें ओढतात. कोपनहेगन येथील ऑगस्ट क्रोग यांनीं १९१३ मध्यें याच तत्त्वाचा ब्रेक लावलेली एका जागची सायकल तयार केली. माणूस किती काम करतो आणि त्यासाठीं किती प्राणवायु खर्च करतो हें त्यांना मोजावयाचें होतें. शर्यतीचे सायकलस्वार तर त्याआधींपासूनच तीन रुळांवर तोल सांभाळून घरांत सराव करीत असत. रूळ आणि चुंबक एकत्र आले, आणि आजचा ट्रेनर झाला. कांहीं ट्रेनरांत चुंबकाच्या जागीं पंखा किंवा तेल असतें, कांहींत विजेचें मंडळ. त्यांच्या खोलांत मी येथें शिरत नाहीं.

२०२० च्या मार्चमध्यें रस्ते ओस पडले, तेव्हां हीं यंत्रें आमच्या भागांतहि पोहोंचलीं. पुणें-बारामती शर्यतीचा नाद असलेल्या इंदापूर तालुक्यांतील एका तरुणानें असाच एक ट्रेनर घेतला. पुढें तो नोकरीसाठीं पुण्यास गेला आणि यंत्र दोन पावसाळे ओसरींत पडून राहिलें. मागच्या वर्षीं त्याच्या वडिलांच्या हृदयावर उपचार झाले. रोज अर्धा तास चाला किंवा सायकल चालवा, असें डॉक्टरांनीं बजाविलें. आतां आमच्याकडे गाळपाच्या हंगामांत पहाटे रस्त्यावर चालणें म्हणजे काय, हें ज्यानें पाहिलें आहे त्यालाच कळेल. उसानें शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागें दिवा असलाच तर नशीब. गृहस्थांनीं ओसरींतला ट्रेनर पुसून काढला, त्यावर साधी सायकल चढविली, आणि दोन पायडल मारतांच आंतून जात्यासारखी घरघर सुरू झाली. भाराचा खटका कसाहि फिरविला तरी पाय पोकळच. विकणाऱ्या कंपनीस कळविलें, उत्तर नाहीं. मुलगा म्हणाला, “बाबा, भंगारांत द्या, मी नवा पाठवितों.” नव्याची किंमत ऐकून बाबांनीं विषय बदलला.

शेवटीं बाजारांतले एक वृद्ध मिस्त्री घरीं आले. तेव्हां मीहि तेथें होतों. त्यांनीं प्रथम सायकल उतरविली आणि नुसता रूळ हातानें फिरविला. घरघर तशीच. मग पेचकसाचें टोक रुळाच्या आसाशेजारीं टेकवून मुठीला कान लावला. आधीं एका बाजूस, मग दुसऱ्या. “गुरुजी, आवाज सायकलचा न्हाई,” ते म्हणाले, “ह्याच्या उजव्या कुशीत हाय.” वैद्यानें नाडी पाहावी तसा तो प्रकार होता.

निघालेला प्रत्येक नट आणि वायसर त्यांनीं वर्तमानपत्रावर क्रमानें मांडला. आंतल्या बेअरिंगचें रबरी झांकण उचलतांच तांबडा गंज दिसला. दोन पावसाळ्यांचा तो हिशेब होता. ट्रेनर परदेशी, त्याचें माहितीपत्रक परदेशी, परंतु बेअरिंगच्या कडेवर आंकडा होता ६२०१. म्हणजे आंतलें भोंक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३२, जाडी १०. हा आंकडा जगभर एकच असतो, आणि तेंच बेअरिंग आपल्या छताच्या कित्येक पंख्यांत बसतें. कंपनी मिळेना, बेअरिंग मात्र पंखे-मोटारी भरून देणाऱ्या दुकानांत पांच मिनिटांत मिळालें. मिस्त्रींनीं दोन्ही बाजूंचीं बदललीं, कारण एक खराब झालें म्हणजे दुसऱ्याचे दिवसहि भरलेलेच असतात. बसवितांनाहि एक पथ्य त्यांनीं पाळलें. घरांत बसवावयाचें बेअरिंग बाहेरच्या कड्यावर ठोकावें, आसावर चढवावयाचें तें आंतल्या कड्यावर. उलट केलें तर ठोक्याचा मार छर्ऱ्यांना बसतो आणि नवें बेअरिंग पहिल्याच दिवशीं बोलूं लागतें.

भार लागत नव्हता त्याचें कारण त्याहून सोपें निघालें. हँडलवरच्या खटक्यापासून चुंबकापर्यंत जाणारी तार नळींत गंजून अडकली होती, त्यामुळें चुंबक तबकडीपासून दूरच राहिले होते. सायकलची नवी तार कापून घातली, आणि फूकोचे भोवरे पुनः कामास लागले. रूळ स्पिरिटनें पुसला, टायरांत हवा भरली, आणि हातानें ओढून टायर रुळावर घसरत नाहीं इतकाच दाब ठेविला. पायडल बदलतांना मात्र त्यांनीं यजमानांचा हात धरला: डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, आणि नेहमीच्या दिशेनें जोर लावला तर क्रँकचेच आटे जातात.

दुरुस्तीचा हक्क या विषयावर केंद्र सरकारनें २०२२ सालीं समिति नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एक संकेतस्थळहि उघडलें. शेतीचीं अवजारें, मोबाइल, घरगुती उपकरणें आणि मोटारी यांचे सुटे भाग व माहिती ग्राहकास मिळावी असा त्याचा रोख आहे. चांगली गोष्ट आहे. परंतु सुटा भाग हातीं आला तरी पेचकसाला कान लावणारा माणूस हवाच, आणि आमच्या पेठेंत असे आतां दोघेच उरले आहेत; दोघांचींहि मुलें या धंद्यांत नाहींत. शाळेंत आम्हीं मुलांना विजेचे भोवरे फळ्यावर शिकविले. ते भोवरे ज्या तबकडींत उठतात ती उघडून दाखविण्याची सोय कोणत्याहि वर्गांत नव्हती.

मिस्त्रींनीं बेअरिंगचे पैसे, तारेचे पैसे आणि दोन तासांची मजुरी घेतली. जुनें बेअरिंग त्यांनीं मागून खिशांत टाकलें. त्याचें बाहेरचें कडें पुढें कोठें तरी ठोकण्याच्या कामीं येतें म्हणाले. कंपनीचें उत्तर तीन आठवड्यांनीं आलें: हा नमुना आतां बनत नाहीं, नवा घेतल्यास सवलत मिळेल. तोंवर गृहस्थ रोज पहाटे वीस मिनिटें पायडल मारूं लागले होते, आणि बाहेरून ट्रॉल्या कारखान्याकडे जात होत्या.