ई-सिगारेट द्रव : घटक आणि आरोग्यजोखीम

ई-सिगारेट द्रव : विजेरीवर चालणाऱ्या ई-सिगारेट या उपकरणात तापवून त्याचे धुके श्वासावाटे घेता यावे, म्हणून सिद्ध केलेले मिश्रण. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि सुगंधी द्रव्ये हे त्याचे प्रमुख घटक होत. या उपकरणाचे आधुनिक रूप चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास सिद्ध केले. द्रवातील बहुतेक घटक मिठाई, औषधे व प्रसाधने यांत दीर्घकाळ वापरात असल्यामुळे ते निरुपद्रवी असावेत असा ग्रह सहज होतो. परंतु जे जठरात जाऊन यकृताच्या वाटेने पचते ते फुप्फुसाच्या नाजूक पटलावर वर्षानुवर्षे बसल्यास काय करील, हा सर्वस्वी निराळा प्रश्न असून त्याचे पूर्ण उत्तर शास्त्राला अद्याप मिळालेले नाही.

तापनाची क्रिया : द्रवात भिजलेल्या कापसाच्या वातीभोवती धातूच्या बारीक तारेचे वेटोळे असते; झुरका घेताच ते तापते, वातीतील द्रव उडतो आणि थंड हवेत त्याचे सूक्ष्म थेंब होऊन धुके तयार होते. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८° से. ला, तर ग्लिसरीन २९०° से. ला उकळते. वात कोरडी पडली किंवा विद्युत्‌दाब वाढविला, की उष्णतामान भडकते आणि हेच द्रव विघटन पावून फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड व करपलेल्या तेलाचा झोंबणारा दर्प देणारे ॲक्रोलीन निर्माण होते. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३.३ व्होल्ट दाबावर फॉर्माल्डिहाइडजन्य संयुगे आढळली नाहीत, ५ व्होल्टवर मात्र ती विपुल आढळली; त्यावर, इतका करपट झुरका कोणी माणूस सहन करणार नाही, असा सयुक्तिक आक्षेपही घेण्यात आला. म्हणजे जोखीम केवळ कुपीतील द्रवावर अवलंबून नसून उपकरण, दाब व ओढण्याची रीत यांवरही अवलंबून असते. तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियम व शिसे यांचे अंश धुक्यात उतरतात, हेही परीक्षणांत दिसून आले आहे.

निकोटीन : या घटकाविषयी संदिग्धता सर्वांत कमी आहे. ते व्यसन जडविते, नाडीचे ठोके व रक्तदाब वाढविते आणि गर्भाच्या व पौगंडावस्थेतील मेंदूच्या वाढीस बाधक ठरते. द्रव गिळल्याने किंवा त्वचेवर सांडल्याने, विशेषतः बालकांना, विषबाधा होऊ शकते. प्रौढास मारक ठरणारी मात्रा सुमारे ६० मिलिग्रॅम असल्याचे पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. २०१४ मध्ये या आकड्याचा आधार तपासला असता तो डळमळीत निघाला व प्रत्यक्ष मात्रा पुष्कळच अधिक असावी असा निष्कर्ष मांडला गेला. तथापि युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशानुसार दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा घातली आहे.

सुगंधी द्रव्ये : व्हॅनिलिन, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, मेंथॉल इत्यादी द्रव्यांना खाद्यपदार्थांत मुभा आहे; ती मुभा खाण्यापुरती असते, हुंगण्यासाठी किंवा ओढण्यासाठी नसते. लोण्याचा स्वाद देणारे डायॲसिटिल हे याचे ठळक उदाहरण होय. अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या एका मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यात त्याच्या वाफा श्वासात गेल्याने कामगारांच्या सूक्ष्म श्वासनलिका कायमच्या आक्रसल्याचे २००० साली उघडकीस आले. पुढे २०१५ मध्ये तपासलेल्या ५१ स्वादांपैकी ३९ मध्ये तेच द्रव्य आढळले. ई-सिगारेटमुळे हा विकार निश्चित होतोच, असे सिद्ध झालेले नाही. तरी ब्रिटनने या द्रव्यास ई-द्रवात मनाई केली आहे.

मिसळलेली द्रव्ये : २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसदाहाची साथ उद्भवली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली व ६८ दगावले. बहुतेकांनी गांजातील मादक द्रव्य असलेले, अनधिकृत मार्गाने आलेले द्रव ओढले होते. ५१ रुग्णांच्या फुप्फुसधावनांपैकी ४८ मध्ये ई-जीवनसत्त्वाचे ॲसिटेट सापडले. त्वचेला लावण्याच्या मलमांत निर्धास्तपणे वापरले जाणारे हे द्रव्य श्वासमार्गाने घातक ठरले.

ग्लिसरीनच्या शुद्धतेची बाब महाराष्ट्रास परकी नाही. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून पाजलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले असल्याने १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत खरेदी व तपासणी या दोन्ही व्यवस्थांतील कसूर वेशीवर टांगली गेली. २००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या ई-सिगारेटच्या नमुन्यांपैकी एकात हेच द्रव्य आढळले. जिथे परवाना, नमुना-परीक्षण व सरकारी प्रयोगशाळा हे सारे असूनही असा घात झाला, तिथे यांपैकी काहीच नसलेल्या कुपीची हमी कोण देणार, हा प्रश्न गंभीरपणे विचारला पाहिजे.

भारतातील कायदा : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये श्वेतपत्रिकेद्वारे संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला व वर्षअखेर त्याचे अधिनियमात रूपांतर झाले. उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांबद्दल प्रथम अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि साठ्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तजवीज आहे. व्यक्तिगत सेवनास स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही. हा अंमल देशभर सारखाच असल्याने मुंबईची पानपट्टी असो वा झाशीच्या छावणीतील सदर बाजार, तेथे अशी कुपी मिळालीच तर ती चोरट्या मालाची असते आणि तिच्यावरील मजकुराची शहानिशा कोणत्याही दप्तरी झालेली नसते.

मूल्यमापन : ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नसल्याने डांबर नसते व कार्बन मोनॉक्साइड नगण्य असतो, सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या काही प्रौढांना तिचे साहाय्य होते, असा पुरावाही परदेशी अभ्यासांत आहे, आणि प्रामाणिक नोंदीत तो दडविता येणार नाही. परंतु धूम्रपानाहून कमी घातक असणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे. ज्याने कधी तंबाखूस स्पर्श केला नाही अशा तरुणाच्या बाबतीत तर ही तुलनाच गैरलागू ठरते. धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध पुराव्याने प्रस्थापित होण्यास सिगारेटच्या सार्वत्रिक प्रसारानंतर कित्येक दशके जावी लागली; ई-द्रवाचा वापर त्या मानाने अगदी अलीकडचा आहे. सबब दीर्घकालीन परिणामांचा निवाडा होईतो निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार द्रव विकणाऱ्यावर असावा, ओढणाऱ्याच्या फुप्फुसावर नव्हे, हीच भूमिका सार्वजनिक आरोग्याच्या हिताची आहे.