साथ, संगत आणि व्यसन

औरंगाबादहून, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराहून, जालन्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे वीस-बावीस किलोमीटरांवर करमाड लागतें. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्गही या गांवावरूनच जातो. आसपासच्या खेड्यांतून शहरांत शिकावयास गेलेलीं मुलें २०२० च्या मार्चांत याच वाटेनें घरीं परतलीं. महाविद्यालयें महिन्याच्या मध्यास बंद झालीं, वसतिगृहें रिकामीं झालीं, आणि २५ मार्चपासून तर साऱ्या देशाचेंच दार लागलें. परतणाऱ्यांच्या सामानांत पुस्तकें होतीं, कपडे होते. कोणाकोणाच्या खिशांत घरीं दाखवितां न येणारी सिगारेटची चपटी पेटीही असेल. त्या पेटीचें पुढें काय झालें, हा प्रश्न कित्येकांस क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं.

साथीच्या दिवसांत तरुण बिघडतात, असा एक समज आहे. मृत्यूची भीति, हातांत काम नाहीं, परीक्षा केव्हां होईल हें ठाऊक नाहीं. मग मन प्याल्याकडे नि धुराकडे वळलें तर नवल काय, असा हा तर्क. परंतु साथींच्या इतिहासाचीं पानें चाळलीं म्हणजे तरुणाच्या हातांत चिलीम देणारा हात पुष्कळदां वडीलधाऱ्याचाच आढळतो.

लंडनवर १६६५ सालीं प्लेगची मोठी साथ आली. तंबाखूच्या धुरानें दूषित हवा शुद्ध होते, असें त्या काळचे चांगले शहाणेसुरते लोक मानीत. आरमारखात्यांतील अधिकारी सॅम्युएल पीप्स आपल्या रोजनिशींत सांगतो कीं, दारांवर तांबड्या फुल्या मारलेलीं घरें पाहून त्याचें मन इतकें बावरलें कीं हुंगण्याचघळण्यासाठीं त्यानें तंबाखू विकत घेतली. त्यापूर्वीं १६३५-३६ च्या साथींत हॉलंडमधील नायमेखन शहरीं रोग्यांवर उपचार करणारा डीमरब्रूक हा वैद्य दिवसांतून अनेक वेळां चिलीम ओढी, आणि आपण वांचलों तें तिच्यामुळें, असें मानी. पण सर्वांत चमत्कारिक हकीकत आहे ती ईटनच्या शाळेची. प्लेगच्या वर्षीं तेथील मुलांना रोज सकाळीं शाळेंत चिलीम ओढणें सक्तीचें होतें. आणि एका सकाळीं ती न ओढल्याबद्दल जन्मांत कधीं बसले नव्हते एवढे फटके आपणांस बसले, असें टॉम रॉजर्स नांवाचा त्या शाळेचा जुना विद्यार्थी पुढें सांगत असे. टॉमस हर्न या इतिहाससंशोधकानें तें १७२१ सालीं आपल्या टिपणवहींत उतरून ठेविलें. पन्नासपंचावन्न वर्षांनंतरची आठवण म्हणून तिच्यांत थोडा तिखटमिठाचा अंश धरला तरी मूळ गोष्ट उरतेच. विडी ओढल्याबद्दल छडी खाल्लेले आपल्याकडे घरोघर सांपडतील. न ओढल्याबद्दल खाल्लेला आमच्या माहितींत हा एवढाच. त्याच साथींत केंब्रिजचें विद्यापीठ बंद पडलें आणि न्यूटन गांवीं जाऊन गणितांत बुडाला, ही गोष्ट २०२० मध्यें घरीं बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास ऐकावी लागली. ईटनची मात्र कोणी फारशी सांगितली नाहीं!

आपल्याकडे चिलमीचें हें काम ब्रँडीकडे आलें. १८९६ सालीं मुंबईंत आणि पुढच्याच वर्षीं पुण्यांत प्लेग शिरला, तेव्हां खचत चाललेल्या हृदयास उत्तेजक म्हणून मद्य देण्याची डॉक्टरांची रीतच होती. औषधास गंगाजल मानण्याची आपली जुनी सोय या वेळीं उपयोगीं पडली. ज्या घरांत मद्याचा उच्चारही निषिद्ध, अशा कित्येक घरांच्या फडताळांत ‘औषधाची बाटली’ आली; आणि एकदां औषध ठरल्यावर तिला हात लावावयास लहानांनीं भ्यावें कशाला? पण याच शहराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०८ सालीं टिळकांच्या प्रेरणेनें पुण्यास दारूच्या गुत्त्यांपुढें स्वयंसेवक उभे राहिले, गिऱ्हाइकांस विनवून परत पाठवूं लागले, आणि त्यापायीं पकडलेही गेले. त्यांत विद्यार्थी होते. प्लेगच्या फेऱ्या पुन्हां पुन्हां पाहिलेल्या गांवचीं हीं मुलें.

त्यानंतरची मोठी साथ इन्फ्ल्युएंझाची. १९१८ च्या जूनमध्यें ती मुंबईंत उतरली, पावसाळा संपतांना तिनें कहर केला, आणि हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं. ती ओसरते न ओसरते तोंच, जानेवारी १९१९ मध्यें, राम गणेश गडकरी क्षयानें वारले. आणि त्यांच्यामागें महिन्याभरांत त्यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक गंधर्व मंडळीनें बडोद्यास रंगभूमीवर आणलें. साथीशीं त्या नाटकाचा कांहीं संबंध नाहीं. तरी सुधाकराच्या ओठीं पहिला प्याला लागतो तो कसा, हें आठवावें. सनद गेल्याच्या अपमानावर उतारा म्हणून तो येतो, आणि आणून देतो तो तळीराम, ज्याच्या पाठीशीं अख्खें आर्यमदिरामंडळ आहे. दुःखाचें औषध आणि मंडळाची संगत या दोहोंपैकीं एकटें कोणतेंही पुरें पडलें नसतें, असें आम्हांस वाटतें.

आतां पुन्हां करमाडला येऊं. १५ एप्रिल २०२० च्या केंद्र सरकारच्या आदेशानें दारू, गुटखा व तंबाखू यांच्या विक्रीस मनाई झाली. वीस दिवसही झाले नाहींत तोंच, ४ मे रोजीं, महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं दारूची दुकानें उघडलीं. मुंबईंत रांगा इतक्या वाढल्या कीं दोन दिवसांत तीं पुन्हां बंद करावीं लागलीं. त्याच आठवड्यांत, ८ मेच्या पहाटें, जालन्याहून भुसावळकडे पायीं निघालेले मध्य प्रदेशचे मजूर करमाडजवळ रुळांवर थकून निजले, आणि त्यांतले सोळा जण मालगाडीखालीं गेले. दारू घरपोच देण्याची परवानगी राज्यांत पुढच्या आठवड्यांत निघाली. मजुरांस घरपोच करण्याची व्यवस्था मात्र तेव्हां अपुरीच होती. तिजोरीस अबकारीचें उत्पन्न हवें, ही सरकारची अडचण आम्ही जाणतों. निजामाच्या राज्यांतही अबकारीचा मोह सुटला नव्हता. वाळूज-शेंद्र्याकडे मद्याचे कारखाने असलेल्या या जिल्ह्यास तर तो जुनाच परिचयाचा. २०१६ च्या दुष्काळांत त्या कारखान्यांचें पाणी निम्म्यानें तोडावयास उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास सांगावें लागलें होतें.

औषधाचा जुना वेषही या साथीनें टाकला नव्हता. सिगारेट ओढणारांस हा रोग कमी होतो, अशी शंका एप्रिल २०२० मध्यें पॅरिसच्या कांहीं शास्त्रज्ञांनीं मांडली. निकोटिनच्या चकत्यांवर लोकांची उडी पडेल या भीतीनें फ्रेंच सरकारला त्यांच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. उलट, धूम्रपान करणारांस हा रोग झाल्यास तो अधिक तीव्र होण्याचा संभव असतो, हें जागतिक आरोग्य संघटनेनें मे महिन्यांतच सांगितलें. पण ‘सिगारेट चांगली’ ही वार्ता धांवत येते आणि तिचें खंडन रांगत येतें.

मग त्या चपट्या पेटीचें काय झालें? अमेरिकेंतील विद्यार्थ्यांच्या एका पाहणींत असें दिसलें कीं, मित्रांबरोबर राहणारीं जीं मुलें आईबापांच्या घरीं परतलीं, त्यांचें पिणें सर्वांत अधिक घटलें. दुसऱ्या एका पाहणींत ज्यांच्या मनास उदासीनतेनें व चिंतेनें अधिक घेरलें होतें, त्यांचें पिणें अधिक वाढलेलें आढळलें. आमच्या खेड्यांतील घर डोळ्यांपुढें आणावें. दोन खोल्या, एक ओसरी, शेजारीं चुलत्याचें दार. शहरांत महाविद्यालयाच्या फाटकासमोर एक सुटी सिगारेट चौघांत फिरते. येथें चौघे नाहींत, ती टपरी नाहीं, आणि खिशांत पैसेही नाहींत. अशा घरीं आलेल्या मुलाची संवय निम्मी आपोआप गळाली असेल. परंतु ज्या घरांत बापच संध्याकाळीं बाटली काढून बसतो, आणि तीही आतां कामधंदा नसल्यामुळें दुपारींच, त्या घरीं परतलेल्या मुलाचें काय? आणि त्याच घरांत मोबाइलवर वर्ग ऐकूं पाहणाऱ्या त्याच्या बहिणीचें? महाराष्ट्रांत बियरला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षांच्या वयाची अट आहे. बापाच्या बाटलीला ती अट पोंचत नाहीं.

सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यास राज्य सरकारनें २०२० च्या सप्टेंबरांत बंदी केली. नियम चांगला होता; विद्यार्थ्याचें व्यसन सुट्या सिगारेटीवरच जगतें, हें ज्यानें ओळखलें त्याचें आम्ही अभिनंदन करतों. त्याची अंमलबजावणी किती झाली, हें वाचकांनीं कोणत्याही टपरीपुढें दोन मिनिटें उभें राहून पाहावें. मद्यगृहें ५ ऑक्टोबर २०२० पासून उघडूं लागलीं. महाविद्यालयें मधें कांहीं आठवडे उघडून पुन्हां मिटलीं, आणि सरतेशेवटीं उघडलीं तीं २० ऑक्टोबर २०२१ रोजीं. त्या सकाळीं करमाडच्या थांब्यावर दप्तरें घेऊन उभ्या राहिलेल्या मुलांपैकीं कित्येकांनीं दीड वर्ष हातांत सिगारेट धरलेली नसेल. शहरांत उतरल्यावर जुने मित्र भेटावयाचे होते.