कात्रीपासून लेयरपर्यंत: निसर्गाच्या कोलाजची गोष्ट

 

आज लढाईची गोष्ट नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण निवृत्तीनंतर कॅमेरा हातात घेतात. झाडं, पक्षी, ढग, डोंगर टिपतात. मग कोणीतरी सुचवतं, या फोटोंचं कॉम्प्युटरवर कोलाज करा: एकातलं आकाश, दुसऱ्यातलं झाड, तिसऱ्यातला बगळा. लगेच दुसरा म्हणतो, ही तर फसवणूक! हा वाद कॉम्प्युटरपेक्षा फार जुना आहे, आणि त्याचा निकाल लावायला इतिहासच मदत करतो.

सुरुवात कॅमेऱ्याच्याही आधीपासून करू. इंग्लंडमध्ये मेरी डेलनी नावाच्या बाई होत्या. जन्म 1700चा. 1772मध्ये, म्हणजे 72व्या वर्षी, त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं रचायला घेतली. दहा वर्षांत जवळपास एक हजार फुलं झाली. दृष्टी अधू झाली तेव्हा 1782मध्ये काम थांबलं. ती चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काहींमध्ये त्यांनी खरं पानही चिकटवलं आहे. पण मला सगळ्यात आवडते ती वेगळीच गोष्ट. चित्रांच्या मागे वनस्पतीचं नाव, तारीख आणि ठिकाण लिहिलेलं सापडतं. कला पुढे, नोंद मागे. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

आता फोटोग्राफी. 1850च्या दशकात काचेच्या ओल्या प्लेटवर फोटो काढत. ती प्लेट निळ्या प्रकाशाला फार चटकन प्रतिसाद द्यायची. त्यामुळे समुद्र नीट यावा इतका वेळ प्रकाश दिला, की आकाश पार पांढरं पडायचं. आकाश सांभाळलं तर समुद्र काळा. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी यावर उपाय काढला. समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी, आणि दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडून एकच प्रिंट. 1856-57च्या सुमाराची त्यांची सागरचित्रं गाजली. बारकाईने पाहणाऱ्यांना पुढे दिसलं, की एकच ढग दोन वेगवेगळ्या समुद्रांवर आला आहे! म्हणजे आपण ज्याला आज ‘स्काय बदलणं’ म्हणतो, ते दीडशे वर्षांहून जुनं आहे.

1857मध्येच ऑस्कर रेलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भलं मोठं चित्र केलं. पुढच्या वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून मरणासन्न मुलीचं चित्र केलं. दोन्हींवर वादळ उठलं. कॅमेरा खरं बोलतो, अशी लोकांची समजूत होती. तिलाच धक्का बसला होता.

आपल्याकडे मात्र फारसा गाजावाजा न होता हेच चाललं होतं. नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांची ‘मनोरथ’ चित्रं पाहा. श्रीनाथजींसमोर हात जोडून उभं असलेलं कुटुंब. अंग रंगवलेलं, चेहरे मात्र फोटोतून कापून चिकटवलेले. यात्रेकरूला ठाऊक असायचं की हे चित्र आहे. म्हणून कोणाची फसवणूक झाली नाही.

फौजेतही कोलाज होतं, आमचा शब्द ‘मोझॅक’. पहिल्या महायुद्धापासून विमानातून ओळीने फोटो घेऊन, ते जोडून, मोठ्या प्रदेशाचं एक चित्र तयार करत. लागोपाठच्या दोन फोटोंत साधारण 60 टक्के भाग सामाईक ठेवायचा, म्हणजे स्टिरिओस्कोपखाली उंच-सखल दिसतं. जोडताना शक्यतो फोटोचा मधला भाग घ्यायचा, कारण कडेला आकार ताणले जातात. आणि समासात तारीख, दिशा, प्रमाण. हे नसेल तर तो कागद निरुपयोगी. तुकडे जोडलेले होते, तरी त्यावर विश्वास ठेवता यायचा, कारण तो कसा बनला ते त्याच्यावरच लिहिलेलं असायचं.

स्वतःच्या निसर्गफोटोंतून स्वप्नासारखी दृश्यं घडवणारा मोठा कलाकार म्हणजे अमेरिकेतले जेरी युल्समन. डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर ओळीने मांडून, एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत ते झाड, खडक, पाणी, ढग एकत्र आणायचे. 1967मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं एकल प्रदर्शन झालं. मुळांसकट हवेत तरंगणारं झाड पाहून कोणी ‘हे कुठे उगवतं?’ असं विचारत नाही. चित्र स्वतःच सांगतं की मी रचलेलं आहे.

पुढे कॉम्प्युटर आला. फेब्रुवारी 1982च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून सरकवून जवळ आणले गेले. केवढी टीका झाली! 1990मध्ये नॉल बंधूंचं फोटोशॉप बाजारात आलं. 1994च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले, म्हणजे काचेच्या तावांसारखे एकावर एक थर. त्याआधी एकदा चिकटवलं की चिकटवलं. आता कोणताही तुकडा कधीही हलवता येऊ लागला. आज गिंपसारख्या मोफत प्रोग्राममध्येही ही सोय आहे.

मग धोका कुठे? चीनच्या शान्शी प्रांतात ऑक्टोबर 2007मध्ये वनखात्याने एका शेतकऱ्याने काढलेले वाघाचे फोटो जाहीर केले. दक्षिण चिनी वाघ जंगलातून नाहीसा झाला, असं मानलं जात होतं. आनंदीआनंद झाला. पण लोकांच्या लक्षात आलं, की प्रत्येक फोटोत वाघ तसाच, जराही न हललेला. मग तोच वाघ एका भिंतीवरच्या छापील चित्रात सापडला. जून 2008मध्ये फोटो खोटे असल्याचं सरकारने जाहीर केलं, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. झाडीत कागदी वाघ ठेवणं हेही कोलाजच. फरक इतकाच, की त्याला पुरावा म्हणून पुढे केलं. वाघ आहे म्हटलं की जंगल राखण्याचे निर्णय त्यावर ठरतात, म्हणून ही थट्टा नव्हे.

तेव्हा कोलाज जरूर करा. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जसेच्या तसे ठेवा, तारखेसह. जोडताना सावल्या तपासा. सूर्य एकच असतो, सगळ्या सावल्या एकाच बाजूला पडायला हव्यात. दूरचा डोंगर जरा फिका, जवळचं झाड गडद. पक्ष्याचं माप झाडाला शोभेल असं. आणि खाली स्पष्ट लिहा: ‘संयुक्त चित्र’. कुठला तुकडा कुठे, कधी टिपला तेही. मात्र असं चित्र पक्षिनोंदीसाठी किंवा वन्यजीवाच्या पुराव्यासाठी कधीही पाठवू नका. तिथे मूळ फोटोच जाऊ द्या.

डेलनीबाईंनी 72व्या वर्षी कात्री उचलली आणि मागे नाव-गाव लिहिलं. आपल्या हातात तर माउस आहे. नाव-गाव लिहायला दोन मिनिटं पुरतात.

जय हिंद.