मापातलं ऑइल

अब्बा पंपावर येझदी थांबवायचे आणि पेट्रोलच्या आधी ऑइल मागायचे. पोऱ्या मापाने टाकीत ऑइल ओतायचा, वरून पेट्रोलची धार पडायची, मग अब्बा गाडी दोन्ही हातांनी डोलवायचे. थोडं जास्त पडलं तर काय बिघडतं, हा प्रश्न मला तेव्हापासून होता. उत्तर पुढे या इंजिनाचा इतिहास वाचताना मिळालं.

१८९१ साली इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डे याने एका टू-स्ट्रोक इंजिनाचं पेटंट घेतलं. इंधन आणि हवा आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये ओढायची, तिथे दाबायची, मग वर सिलिंडरमध्ये पाठवायची, ही त्याची युक्ती. यंत्र सोपं आणि स्वस्त झालं. पण ज्या वाटेने इंधन जातं तिथे फोर-स्ट्रोकसारखं ऑइल साठवता येत नाही. म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळायची रीत पडली. हे ऑइल बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देतं आणि शेवटी धुरासोबत बाहेर पडतं.

इथे मापाला किंमत येते. १:२० म्हणजे लिटरला ५० मिलि, २ टक्के म्हणजे २० मिलि. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. जास्त पडलं तर प्लग काळा होतो, सायलेन्सर चोंदतो. शिवाय जेटमधून ऑइल जास्त गेलं की तेवढं पेट्रोल कमी जातं आणि इंजिन उलट तापतं. म्हणजे ‘जास्त ते चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही.

अचूक माप घेऊनही एक उणीव उरते. घाट उतरताना थ्रॉटल बंद केलं की पेट्रोल थांबतं आणि त्याबरोबर वंगणही. इंजिन मात्र जोरात फिरत असतं. अब्बा उतारावर मधूनमधून थ्रॉटल पिळायचे, ते यासाठी.

१९६४ मध्ये यामाहाने ‘ऑटोल्यूब’ आणलं. ऑइलची टाकी वेगळी, आणि इंजिनाचा वेग व थ्रॉटल पाहून माप देणारा छोटा पंप. १९८५ मध्ये आपल्याकडे आलेल्या आरएक्स १०० मध्येही ही सोय होती. पण असंख्य स्कूटर आणि रिक्षांचं माप हातावरच राहिलं. हात सैल सुटला की निळा धूर वाढायचा. अखेर १९९८ मध्ये दिल्लीत सुट्या टू-टी ऑइलच्या विक्रीवर बंदी आली आणि पंपावर यंत्रानेच मिसळून देणं सक्तीचं झालं. मालकाने ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून ओतलेलं ऑइल फुटपाथवरच्या माणसाच्या छातीत जात होतं, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आज जुनी जावा, येझदी, राजदूत हौसेने उभी करणारी तरुण मुलं मला भेटतात. त्यांना मी एवढंच सांगतो: गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं प्रमाण पाहा, मापाची बाटली घ्या, अंदाजाने ओतू नका. अब्बा तीस वर्षं हेच करत आले, आणि त्यांच्या येझदीचा पिस्टन एकदाही जाम झाला नाही.