माजलगाव

माजलगाव हे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्यात सिंदफणा नदीकाठी वसलेले शहर असून ते याच नावाच्या तालुक्याचे मुख्यालय आहे. शहराचा कारभार नगर परिषदेकडे आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या अमलाखालील हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला.

भूगोल

बालाघाटच्या डोंगररांगेमुळे बीड जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग पडतात. त्यांपैकी उत्तरेकडील गोदावरीकाठच्या सखल भागात, म्हणजे गंगथडीत, माजलगाव येते. येथील जमीन काळी व कसदार असून कापूस आणि ऊस ही प्रमुख पिके आहेत. पाटोदा तालुक्यातील डोंगराळ भागात उगम पावणारी सिंदफणा माजलगावजवळून वाहत जाऊन मंजरथ येथे गोदावरीस मिळते. बिंदुसरा आणि कुंडलिका या तिच्या प्रमुख उपनद्या होत.

माजलगाव धरण

शहराच्या पश्चिमेस सिंदफणेवर बांधलेले मातीचे धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील या धरणाची लांबी ६,४८८ मीटर असून एकूण साठवणक्षमता सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर आहे. त्यातील ३१२ दशलक्ष घनमीटर साठा उपयुक्त, तर उरलेला मृत साठा समजला जातो.

सिंदफणेचे खोरे पर्जन्यछायेच्या प्रदेशात येत असल्याने केवळ तिच्या पाण्यावर धरण दरवर्षी भरत नाही. त्यामुळे पैठणच्या नाथसागर जलाशयातून निघणारा १३२ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा माजलगावच्या जलाशयात आणून सोडलेला आहे. धरणाचा स्वतःचा उजवा कालवा १६५ किलोमीटर लांबीचा असून त्याचे लाभक्षेत्र बीड, परभणी व नांदेड जिल्ह्यांत पसरले आहे. बीड शहराच्या पाणीपुरवठ्याचाही हे धरण एक प्रमुख स्रोत आहे. परिणामी पैठणला पाणी कमी असलेल्या वर्षी माजलगावचा साठाही घटतो, आणि दुष्काळात मृत साठ्यातून पिण्यासाठी पाणी उपसावे लागते. उसाचे सिंचन व पिण्याचे पाणी यांतील वाटणीचा प्रश्न अशा वर्षी तीव्र होतो. धरणासाठी सिंदफणेच्या खोऱ्यातील काही गावांचे पुनर्वसन करण्यात आले. प्रकल्पाच्या कामासाठी उभारलेली वसाहत आजही केसापुरी कॅम्प या नावाने ओळखली जाते.

रस्ते

माजलगाव येथे दोन राष्ट्रीय महामार्ग एकत्र येतात. कल्याण–अहिल्यानगर–नांदेड–निर्मल हा राष्ट्रीय महामार्ग ६१ (पूर्वीचा २२२) गेवराई तालुक्यातील गढीकडून शहरात येतो व पुढे ढालेगावजवळ गोदावरी ओलांडून पाथरी, मानवत आणि परभणीकडे जातो. राष्ट्रीय महामार्ग ५४८ सी हा दक्षिणेकडील केज, धारूर व तेलगाव या गावांना उत्तरेकडील परतूर आणि मंठ्याशी जोडतो. बीडहून वडवणीमार्गे परळीस जाणारा रस्ता या महामार्गाला तेलगाव येथे छेदतो. शहरात रेल्वेस्थानक नसल्याने प्रवासी व मालवाहतूक मुख्यतः या रस्त्यांवरच अवलंबून आहे. गाळप हंगामात उसाची वाहने आणि कापसाच्या गाड्या यांमुळे या मार्गांवर वर्दळ वाढते. शहरात छत्रपती शिवाजी महाराज चौक आणि परभणी चौक हे परिचित चौक आहेत. शेतमालाचा व्यापार मोंढ्यात चालतो.

परिसरातील ठिकाणे

मंजरथ: सिंदफणा व गोदावरी यांचा संगम. येथील घाटांवर स्नानासाठी व धार्मिक विधींसाठी भाविक येतात.

पुरुषोत्तमपुरी: गोदावरीकाठचे हे गाव पुरुषोत्तमाच्या, म्हणजे विष्णूच्या, मंदिरासाठी प्रसिद्ध असून दर अधिक मासात येथे मोठी यात्रा भरते. येथे सापडलेल्या शके १२३२ (इ.स. १३१०) च्या ताम्रपटात देवगिरीचा यादव राजा रामचंद्र याने पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्याला दिलेल्या गावांची आणि त्यांतून निर्माण झालेल्या अग्रहाराची नोंद आहे. गावाचे नाव त्या मंत्र्यावरून पडले. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी हा ताम्रपट संपादित केला आहे.

गंगामसला: येथील भालचंद्र गणेशाचे स्थान गोदावरीच्या पात्रात असून गणेशाच्या एकवीस क्षेत्रांत त्याची गणना होते. शापमुक्तीसाठी चंद्राने येथे गणेशाची आराधना केली, अशी आख्यायिका आहे.